कंबर दुखायची थांबली आणि रडू येऊ लागलं : एक प्रकरण अभ्यास

सातव्या आठवड्यात त्या नेहमीच्या वेळेला आल्या, पर्समधून एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, कंबर दुखायची तेव्हा काय दुखतंय एवढं तरी कळायचं. आता काही दुखत नाही आणि मी नुसती रडतेय."

जुनाट वेदनेतून बाहेर येणाऱ्या माणसांकडून हे मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकलंय. कुणाची मान मोकळी होते आणि जीव घाबरा व्हायला लागतो. कुणाची वर्षानुवर्षांची डोकेदुखी ओसरते आणि संध्याकाळ झाली की उगीच हुरहूर दाटून येते. माणूस गोंधळतो, की आपण बरे होतोय की बिघडतोय? या बाईंच्या बाबतीत मी एकदा चुकले. शेवटी जे उपयोगी पडलं ते मी सुरुवातीला करत होते त्याच्या नेमकं उलट होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी समुपदेशक आहे, दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसांबरोबर काम करते. औषधं लिहून देत नाही, शरीराची तपासणी करत नाही. ते काम डॉक्टरांचं आणि फिजिओथेरपिस्टचं. हे आधीच सांगायला हवं, कारण माझी चूक त्या सीमेवरच झाली.

आधीची सहा वर्षं

वय ४३. हिशेब विभागात नोकरी, दिवसाचे आठ तास संगणकासमोर. सहा वर्षांपूर्वी चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेताना कंबरेत उसण भरली. ती काही आठवड्यांत जायला हवी होती, गेली नाही. मग एमआरआय झाला आणि अहवालात एक ओळ आली की चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगली आहे. घरात, ऑफिसात, नातेवाइकांत एकच वाक्य फिरलं, "गादी सरकलीय, जपा." त्यांनी जपलं. सहा वर्षं जपलं. पट्ट्याशिवाय घराबाहेर पडल्या नाहीत, भरलेली बादली उचलली नाही, खाली पडलेली वस्तू पायाच्या बोटांनी ओढून जवळ घ्यायला शिकल्या. मुलीला पुन्हा उचललं नाही.

अहवाल खोटा नव्हता. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनची माहिती एकत्र केली होती, आणि चाळिशीतल्या सुमारे ५० टक्के लोकांच्या गाद्या अशाच फुगलेल्या निघाल्या. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ८४ टक्के होतं. म्हणजे फुगलेली गादी आणि दुखणारी कंबर एकाच माणसात असली तरी एकीमुळे दुसरी, असं दर वेळी म्हणता येत नाही. माझ्याकडे येण्याआधी त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पुन्हा नीट तपासलं होतं. पायात वाढत जाणारी कमजोरी नव्हती, जांघेत बधिरपणा नव्हता, लघवी-शौचावरचा ताबा शाबूत होता, ताप नव्हता, वजन घटत नव्हतं. "कंबर मजबूत आहे, हालचाल वाढवा," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग आमचं काम सुरू झालं. मज्जासंस्था एकदा धोक्याची घंटा वाजवायला शिकली की जखम भरल्यानंतरही ती वाजत राहू शकते. ती बंद करायची तर मेंदूला पुन्हा पुन्हा अनुभव द्यावा लागतो, की हे जाणवणं धोक्याचं नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जुनाट कंबरदुखीच्या १५१ लोकांवर याच धर्तीच्या उपचाराचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार चार आठवड्यांच्या उपचारानंतर ६६ टक्के लोकांची वेदना गेली किंवा जवळजवळ गेली. खोटं इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्के. हे आकडे प्रत्येकाला लागू पडतील असं नाही. या बाईंना मात्र पद्धत मानवली. सहा आठवड्यांत दुखणं दहापैकी सातवरून दोनवर आलं, पट्टा कपाटात गेला.

चादर

चौथ्या आठवड्याच्या शेवटी त्या पलंगावरची चादर काढून घडी घालत होत्या. एक टोक जमिनीवर लोळत होतं. त्या वाकल्या, टोक उचललं, सरळ झाल्या. दुखलं नाही. वाकताना श्वास रोखायचा राहून गेला, हेही नंतर लक्षात आलं. मग चादरीची दोन टोकं जुळवताना गळा दाटला आणि डोळ्यांना धार लागली. चादर छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

वाईट वाटलं होतं का, असं मी विचारलं. नाही. आनंद झाला होता? तोही नाही. "नुसतं पाणी, मॅडम. डोळ्यांत पाणी आणि घशात दगड."

त्यानंतर ते कुठेही व्हायला लागलं. लिफ्टमध्ये. जुनी फाइल शोधताना. आईशी फोनवर पावसापाण्याचं बोलताना. आणि पहाटे साडेचारला जाग यायची ती छातीत धडधड घेऊनच. पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, आता काहीतरी वाईट ऐकायला मिळणार असं वाटायचं. ऐकायला काहीच मिळायचं नाही. सात वाजता गजर व्हायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

वहीत हे सगळं होतं. चार रकाने आखलेले : तारीख, वेळ, किती (० ते १०), कारण. सहा वर्षं याच आखणीत त्यांनी कंबरदुखीच्या नोंदी ठेवल्या होत्या. वरचं "दुखणं" खोडून "रडणं" लिहिलं होतं, एवढाच फरक. १९ दिवसांत ३१ नोंदी. "कारण" या रकान्यात २२ ठिकाणी प्रश्नचिन्ह. उरलेल्या ठिकाणी काहीतरी लिहून खोडलेलं : "कामाचा ताण?", "झोप?", "वडिलांची आठवण?". प्रश्नचिन्हं पहिल्या पानावर लहान होती. पुढे पुढे ती मोठी होत गेली होती, शेवटच्या पानावर तर पेन कागदात रुतलं होतं.

मी ती वही पाहिली, आणि तिच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला त्या दिवशी दिसली नाही.

माझी चूक

मी त्यांना म्हणाले, "इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या भावना आता बाहेर येताहेत. रोज लिहून बघा, मूळ सापडेल."

या म्हणण्याला आधार नाही असं नाही. भावना ओळखणं आणि त्या मोकळ्या करणं यावर बेतलेल्या उपचाराने जुनाट वेदना कमी होते, हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय. २०२४ मध्ये वेदना असलेल्या १२६ वयस्क माजी सैनिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या उपचारानंतर ६३ टक्के लोकांची वेदना किमान ३० टक्क्यांनी उतरली, तुलनेच्या गटात फक्त १७ टक्क्यांची. पण ही बाब खरी असणं वेगळं आणि समोरच्या बाईच्या रडण्यामागे तीच आहे असं न तपासता ठरवून टाकणं वेगळं. मी ठरवून टाकलं.

दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. रोज रात्री झोपायच्या आधी तासभर त्या लिहीत होत्या. शाळा, बहिणीशी झालेलं भांडण, नापास झालेली परीक्षा, वडिलांचं आजारपण. सापडत बरंच होतं, पण हेच ते, असं काही घट्ट बसत नव्हतं. झोप चार तासांवर आली होती, रडणं वाढलं होतं. आणि एक नवी भीती उभी राहिली होती, जी माझ्या त्या एका वाक्यातून जन्मली होती. "माझ्या आत असं काय आहे जे मलाच माहीत नाही?" हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज मला अजून आठवतो.

त्या दिवशी मी आधीच करायला हवं होतं ते केलं. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. पहिलीत नैराश्याचे नऊ प्रश्न, गुण ० ते २७. दुसरीत चिंतेचे सात, ० ते २१. त्यांना १२ आणि १५ आले. म्हणजे नैराश्याची लक्षणं मध्यम, चिंता तीव्रतेच्या उंबरठ्यावर. पहिल्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा असतो. त्यांचं उत्तर शून्य होतं, तरी मी तो तोंडी पुन्हा विचारला. विचारल्याने असा विचार कुणाच्या मनात पेरला जात नाही, उलट विचारणारं कुणी आहे याचा आधार वाटतो.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कंबरेची औषधं चालू आहेत ना?"

"हो, पण आता दुखत नाही म्हणून एक दिवसाआड घेते. उगाच कशाला रोज?"

औषध होतं ड्युलोक्सेटिन, ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल. हे मुळात नैराश्यावरचं औषध, पण जुनाट कंबरदुखीतही दिलं जातं. त्यांना ते "दुखण्याची गोळी" म्हणूनच माहीत होतं. दुखणं कमी झालं, गोळी कमी केली. त्यांच्या बाजूने हिशेब सरळ होता. पण हे औषध रक्तातून साधारण १२ तासांत निम्मं होतं, पुढच्या १२ तासांत त्याच्या निम्मं. एक दिवसाआड घेतलं की शरीर दर दोन दिवसांनी औषध जवळजवळ सुटल्याच्या अवस्थेत जाऊन परत येतं. असं औषध अचानक सुटलं की चक्कर, मळमळ, चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, आणि हो, विनाकारण रडू येणं, हे सगळं होऊ शकतं. "मान वळवली की डोक्यात सुर्रकन काहीतरी जातं," असं त्यांनी मला सातव्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी त्याची नोंद "भीतीची लक्षणं" या शीर्षकाखाली केली होती.

आम्ही वही उघडली आणि न घेतलेल्या कॅप्सूलच्या दिवसांवर पेन्सिलने खुणा केल्या. सगळ्या नोंदी त्यात बसल्या नाहीत, पण सात-आठ गुणांची रडणी बहुतेक त्या दिवसांच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे होती. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी रोजचा डोस पूर्ववत केला आणि नंतर हळूहळू उतरवायचं ठरवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासलं, तिन्ही ठीक. रजोनिवृत्तीकडे जाताना चाळिशीतही मन असं हळवं होऊ शकतं म्हणून पाळीबद्दलही विचारलं, ती नियमित होती. मेंदूच्या काही आजारांत मनःस्थितीशी संबंध नसलेलं, अचानक येणारं आणि अचानक थांबणारं रडणं असतं, तसं काही दिसलं नाही.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगते. बरं वाटायला लागलं की औषध आपल्या मनाने कमी करावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण ते करू नका. आणि माझ्यासारखं काम करणाऱ्यांना सांगते, की रडू, धडधड, अस्वस्थपणा दिसला की भावनांचा विषय काढण्याआधी औषधांची यादी विचारा. कोणतं, किती, आणि खरंच रोज घेता का.

दहा दिवसांत डोक्यातली वीज थांबली, चक्कर गेली. आठवड्याला अकराच्या आसपास असलेली रडणी पाचवर आली.

निम्मं रडू उरलं.

कारणाचा रकाना

आता मी वही पुन्हा पाहिली, आणि जे आधी दिसलं नव्हतं ते दिसलं. वही तीच, आखणी तीच, पहारा तोच. चौकी तेवढी कंबरेवरून उठून मनावर बसली होती.

सहा वर्षं त्या सकाळी डोळे उघडताच कंबर चाचपत होत्या : आज किती आहे? आता डोळे उघडताच मन चाचपत होत्या : आज येणार का? पूर्वी कळ आली की "काय बिघडलं?" हा प्रश्न यायचा, त्याने भीती वाढायची, भीतीने स्नायू आवळायचे, कळ वाढायची. आता डोळे भरले की "का?" हा प्रश्न यायचा, उत्तर मिळायचं नाही, उत्तर नाही म्हणजे काहीतरी भयंकर आहे असं वाटायचं, छाती धडधडायची, आणि त्या धास्तीने पुन्हा डोळे भरायचे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तिच्यातही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव मानला आहे. कंबर आणि मन अशी दोन वेगळी खाती आपण कागदावर पाडतो. सावध राहण्याची शरीराची यंत्रणा तशी विभागलेली नाही. कंबरेची घंटा शांत झाली तरी सावध राहायची सहा वर्षांची सवय तिच्याबरोबर एका दिवसात जात नाही.

मी हे त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. आणि बोलता बोलताच त्यांचे डोळे भरले. "बघा, आलं," म्हणाल्या, आणि रुमाल शोधायला पर्समध्ये हात घातला.

मी म्हटलं, "रुमाल राहू दे क्षणभर. कुठे जाणवतंय?"

"घशात."

"केवढं आहे?"

"मुठीएवढं. नाही... थोडं लहान. खाली सरकतंय."

"त्याला ढकलू नका, ओढूही नका. तळवे जमिनीला टेकलेत ना? श्वास सोडताना जरा लांबवा. तो दगड काय करतो तेवढं बघत राहा."

एक हुंदका आला, मग दोन लागोपाठ, मग खांदे खाली आले. नाक पुसून त्यांनी वर बघितलं. मी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. सुरुवातीपासून चार मिनिटंही झाली नव्हती. त्यांचा विश्वास बसेना. वहीत त्यांनी प्रत्येक वेळी "अर्धा तास", "पाऊण तास" लिहिलं होतं. आम्ही दोघींनी मिळून मागच्या काही नोंदी आठवून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. रडणं चार-पाच मिनिटांचंच होतं. उरलेला अर्धा तास त्या रडण्याच्या चौकशीचा होता.

त्या दिवशी आम्ही वहीतला चौथा रकाना बदलला. "कारण" खोडलं, तिथे "पुढे काय केलं" लिहिलं.

त्यांना ते लगेच पटलं नाही. "म्हणजे कारण नाही असं धरून चालायचं?"

"कारण नाही असं मी म्हणत नाही. असेल. पण ते आजच्या आज हजर झालंच पाहिजे अशी सक्ती नको. तपासायचं ते डॉक्टरांनी तपासलं आहे. आता ते आपल्या पावलांनी आलं तर येऊ दे."

घरी करायचं फार नव्हतं. डोळे भरले की मनात एवढंच म्हणायचं, "रडू येतंय, धोका नाही." भावनेला साधं नाव दिल्याने मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया सौम्य होते, हे २००७ मधल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका अभ्यासात दिसलंय. नाव द्यायचं, उलटतपासणी घ्यायची नाही. हातातलं काम शक्य असेल तर सुरू ठेवायचं, नसेल तर ओसरल्यावर तिथूनच पुढे न्यायचं. आणि टाळायचं नाही. त्या लिफ्ट सोडून जिने चढायला लागल्या होत्या, आईला फोनऐवजी संदेश पाठवत होत्या. कंबरदुखीत जशी बादली टाळली जात होती, तसंच हे. म्हणून पुन्हा लिफ्ट आणि पुन्हा फोन. रडू आलं तर आईला "थांब हं जरा" म्हणायचं आणि मग बोलायचं.

रडल्यावर लगेच हलकं वाटलंच पाहिजे, ही अपेक्षाही सोडायला सांगितली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांना करुण चित्रपट दाखवून पाहिलं. जे रडले त्यांची मनःस्थिती रडल्यानंतर लगेच खालावलेली होती, २० मिनिटांत मूळपदावर आली, आणि ९० मिनिटांनी चित्रपटाआधीपेक्षाही बरी होती. या बाईंना यातले २० आणि ९० हे आकडे फार आवडले. हिशेबातल्या माणसाला मुदत कळली की धीर येतो.

लिहिण्याचं आम्ही पूर्ण बंद केलं नाही, त्याला कुंपण घातलं. मनातलं लिहून काढण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९८६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने विद्यार्थ्यांवर केला. रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस, एवढंच होतं ते. दुखऱ्या आठवणी लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर आधी जास्त वाईट वाटलं, आणि पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. रोज रात्री तासभर, शेवट नसलेलं खणणं म्हणजे त्या प्रयोगाचं टोक धरून भलतीकडेच जाणं. ते मी त्यांना करू दिलं होतं. आता लिहायचं ते दिवसा, १५ मिनिटं, चार दिवस, मग वही बंद.

पहाटेची धडधड सर्वांत चिवट निघाली. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक चढत राहतं, सावध शरीराला ते जास्त बोचतं, एवढं कळल्याने थोडा फरक पडला. मिनिटाला सहाच्या आसपास येतील असे संथ श्वास घ्यायचे, अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ बदलायची नाही. यात नवं काही नाही. फक्त अंथरुणात पडून "आज कसं आहे" ही तपासणी करणं तेवढं थांबलं.

घरात

यजमान एकदा बरोबर आले. भला माणूस, पण पार हैराण झालेला. बायकोचे डोळे भरलेले दिसले की ते धावत येऊन "काय झालं?" विचारायचे. त्या म्हणायच्या "काही नाही", ते म्हणायचे "काही नाही तर रडतेस का?" आणि दोघंही कासावीस व्हायचे. त्यांना मी सांगितलं, की "काय झालं" हा प्रश्न प्रेमाचा आहे, पण त्याला उत्तर लागतं, आणि बायकोजवळ ते नाही. दुसरं काहीतरी विचारा. बराच विचार करून ते म्हणाले, "'बसू का इथे?' असं विचारलं तर?" मला ते माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा चांगलं वाटलं. पुढे त्या मला सांगायच्या, की बऱ्याचदा ते नुसते शेजारी येऊन बसतात, आपलं काहीतरी वाचत असतात.

चौथ्या महिन्यात कंबर दोन दिवस पुन्हा सणकून दुखली. घाबरल्या, डॉक्टरांना दाखवलं, नवं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या चालायला गेल्या. या दोन दिवसांत रडू एकदाही आलं नाही, हे त्यांनी स्वतःच टिपलं. पहारा एका वेळी एकाच चौकीवर असतो, असं त्यांचं म्हणणं. मी ते माझ्या टिपणात लिहून ठेवलंय.

पाचव्या महिन्यात एकदा, दुसरंच काही बोलत असताना, त्या मध्येच थांबल्या. "मुलगी आता दहा वर्षांची झाली. माझ्या खांद्याला लागते. आता कंबर बरी आहे, पण तिला कडेवर घ्यायचं वय गेलं." आणि रडल्या. हे रडणं वेगळं होतं, त्याला अर्थ होता, आणि तो मला विचारावा लागला नाही. मग चादरीपाशी आलेलं रडूही याचंच होतं का? मला तसं म्हणण्याचा मोह झाला. म्हटलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्या वहीतली बहुतेक प्रश्नचिन्हं आजही प्रश्नचिन्हंच आहेत, आणि त्यांच्यामुळे आता कुणाची झोप मोडत नाही.

प्रत्येकाच्या रडण्याशी असंच वागावं, असं मात्र या प्रकरणावरून कुणी ठरवू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेलं असेल, कशातच रस उरला नसेल, मरणाचे विचार येत असतील, रात्रच्या रात्र झोप नसेल किंवा झोप नसतानाही विलक्षण उत्साह असेल, जुन्या अत्याचाराच्या वा अपघाताच्या आठवणी डोळ्यांपुढे जशाच्या तशा घडत असतील, तर वाट पाहू नये. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, पायांतली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं हे तर भावनांच्या खात्यात कधीच टाकू नये. या बाईंची दर तीन आठवड्यांनी प्रश्नावली होत होती आणि डॉक्टर आम्हा दोघींच्या संपर्कात होते. त्या आधारावरच "कारण शोधू नका" असं मी म्हणू शकले. तो आधार नसता तर तसं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.

सातव्या महिन्याच्या शेवटी पीएचक्यू-९ चे गुण ४ आणि जीएडी-७ चे ६ होते. रडू आठवड्यातून एखाद-दोन वेळा येतं. पहाटेची जाग महिन्यातून तीन-चारदा, धडधडीसह. कंबर बहुतेक दिवस शून्य किंवा एक. त्या आता सहा आठवड्यांतून एकदा येतात. वहीत शेवटची नोंद अडीच महिन्यांपूर्वीची आहे, वेळ संध्याकाळची, आणि "पुढे काय केलं" या रकान्यात "इस्त्री" असा एकच शब्द आहे.

ड्युलोक्सेटिन ६० वरून ३० आणि ३० वरून २० मिलिग्रॅमवर आलं आहे, प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबत. ते पूर्ण कधी थांबवायचं हे पुढच्या महिन्यात डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात एकही कॅप्सूल चुकवणार नाही, असं त्यांनी मला दारात चपला घालता घालता दोनदा सांगितलं.